दादानं बूट काढले नाही

सुरत, गुरुवार, संध्याकाळ

आज खोलीजवळच्या एसटीडीवरून पांढरकवड्याले घरी फोन लावला. दादा लढाईवरून सुट्टीत घरी आला. माय म्हणे, "बुटासकट झोपून राह्यला रे तो." आमच्या घरी चप्पलही उंबऱ्याच्या आत येत नाही. तरी मायनं त्याले टोकलं नाही.

मग दादा फोनवर आला. मी त्याले चिडवलं, "काहून रे, पाय वास मारते का?"

तो हसला नाही. "चौकीवर तोफेचे गोळे पडले तवा ज्यायनं बूट काढले होते ते बर्फातच राह्यले. गाव मले शूर म्हणते. मी फक्त बूट काढले नव्हते, बाबू."

सोमवारी तो परत जाते. मायले कसं वाटत असन?

खोलीवर आलो, आडवा झालो, पण चप्पल काढली नाही. घरचा फोन आला म्हून एसटीडीवाल्यानं हाक मारली तर?