स्थानिक पालकाचा रकाना

उणकल, हुबळी
रविवार, १३ एप्रिल २०२५

शालूआत्या,

'तीर्थस्वरूप' लिहावं की 'प्रिय', यात एक कागद फुकट गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. नमस्कार मात्र वाकून केलाय असं समज.

इकडं आम्ही सगळे खुशाल. कमरीपेठेतलं घर सोडून आम्ही उणकलला राहायला आलो, तळ्याच्या जवळच. भांड्यांचं दुकान कोप्पीकर रोडवर होतं तिथंच आहे. आईचा गुडघा दुखतो, पण 'बस जरा' म्हटलं की रागावते. मी फर्स्ट पीयूसी, म्हणजे तुमच्याकडची अकरावी, झाले, सायन्स घेतलंय. फिजिक्स बरं आहे. केमिस्ट्रीचं विचारू नकोस.

तुला एक सांगायचं आहे. यंदाच्या सुट्टीत मी दोन विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांना अर्ज केले होते आणि दोन्हीकडं निवड झाली. पुण्याचा वर्ग तीन आठवड्यांचा, तिथंच हॉस्टेलला राहायचं. त्यांचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं, त्यात हिरवळीवर हसत बसलेली मुलं. धारवाडचा वर्गही तीन आठवड्यांचा, पण घरून रोज बसनं जाऊन यायचं. त्यांनी एकच टाइप केलेला कागद पाठवलाय. विषय, 'ध्वनी आणि कंपनं'.

दुकानात अप्पा गिऱ्हाइकाला भांडं देण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, ते तुला आठवत असेल. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतात, याला चीर आहे, हे बाजूला ठेव. मला लहानपणापासून वाटायचं, चीर दिसत नाही ती ऐकू कशी येते? पितळ इतका वेळ का घुमतं आणि स्टील लगेच गप्प का होतं? कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, "अदु पोर्शनल्लि इल्ला." पोर्शनमध्ये नाही म्हटल्यावर विषय संपला.

तुला वाटेल, मग प्रश्न काय, धारवाडलाच जा की. पण मी पुणं ठरवलं होतं. का ठरवलं, ते लिहायला जरा वेळ दे.

पुण्याच्या अर्जात एक रकाना होता, स्थानिक पालकाचा. नाव, नातं, पत्ता. त्यात मी तुझं नाव घातलं. तुला न विचारता. सही केली नाही, देवाशप्पथ, पण नाव घातलं. पत्ता कपाटातून काढला. आजोबा गेले तेव्हा तू पत्र पाठवलं होतंस, त्याच्या पाकिटावरून. त्या पत्राला आमच्या घरातून कुणी उत्तर दिलं नाही, हेही मला तेव्हाच कळलं. मी ते पत्र वाचलं, आत्या. त्याची वेगळी माफी मागते.

अर्ज अप्पांच्या सहीसाठी दुकानात नेला. गर्दी नव्हती. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. त्या रकान्याशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता कागद फाडतात. तुझं नाव घरात कुणी घेत नाही. तुला एमएस्सीला पुण्याला जायचं होतं, आजोबांनी लग्न ठरवलं आणि साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तू निघून गेलीस, एवढंच मला आईकडून कळलंय. पाहुण्यांपुढं हात जोडून उभं राहावं लागलं ते अप्पांना, हेही.

अप्पा म्हणाले, "पत्ता चुकलाय."

मी म्हटलं, "पाकिटावर हाच होता."

"कोथरूड सोडून तीन वर्षं झाली तिला. आता वारज्याला असते." खिशातलं पेन काढून त्यांनी जुना पत्ता खोडला आणि वर नवा लिहिला, पिनकोडसकट. खाली सही केली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"उमेश सांगतो," म्हणाले आणि गिऱ्हाईक आल्यासारखं रस्त्याकडं बघत बसले. उमेशकाका म्हणजे पुण्याहून आम्हाला माल देणारे. दर दोन महिन्यांनी येतात. म्हणजे इतकी वर्षं चहा पिता पिता अप्पा त्यांना तुझंच विचारत होते.

निवड झाल्यावर आईनं हट्ट धरला, धारवाड निदान बघून तरी या. म्हणून गेल्या मंगळवारी अप्पा आणि मी गेलो. तिथं एक मॅडम होत्या, पांढऱ्या केसांच्या, साडीवर खडू सांडलेला. मी पिशवीतून दुकानातला पितळी तांब्या नेला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवून लाकडी काठीनं वाजवला आणि विचारलं, "आता यात पाणी घालत गेलं तर स्वर चढेल की उतरेल?"

मी म्हटलं, "चढेल. नळाखाली घागर भरताना आवाज चढतच जातो."

मॅडम अप्पांकडं वळल्या. "नीवु हेळ्री, तुम्ही सांगा."

अप्पा आधी संकोचले. मग म्हणाले, "उतरेल. भरलेलं भांडं जड बोलतं."

मॅडमनी पाणी ओतलं. वाजवलं. उतरला! आणखी ओतलं, आणखी उतरला. मग तोच तांब्या रिकामा करून नळाखाली धरला, तर तिथं आवाज चढायला लागला. एकच तांब्या, तेच पाणी. मी म्हटलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "तुझंही खरं, अप्पांचंही खरं. दोन्ही खरं कसं, ते शोधायला तीन आठवडे आहेत."

आत्या, परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो. अप्पा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. मला वाटतं, एकदा काठी भांड्याला लागते, दुसऱ्यांदा आतल्या हवेत काहीतरी होतं. पण पुढं अडते. तुला नक्की माहीत असेल. सांगू नकोस, मला शोधायचंय.

घरी येऊन पुण्याचं वेळापत्रक पुन्हा बघितलं. सकाळी भाषणं, दुपारी भाषणं, शेवटी प्रमाणपत्र. तेव्हा स्वतःशी कबूल केलं की मला तो वर्ग नकोच होता. मला तुला बघायचं होतं. घरच्यांचं न ऐकता निघून गेलेली माणसं नंतर कशी राहतात, काय खातात, खूश असतात का, एवढं विचारायचं होतं. आणि तुला भेटायला येते असं तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी अर्जाच्या आड लपले.

काल शेवटची तारीख होती. पुण्याला 'नाही' कळवलं, धारवाडला 'हो'. आता तुझ्याकडं यायला माझ्याजवळ काही निमित्त उरलं नाही. म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, उमेशकाकांनी नंबर दिला असता, पण फोनवर मी नुसती 'हं, हं' करत बसले असते.

वर्गाचा शेवटचा दिवस १७ मे, शनिवार. त्या दिवशी आम्ही काय शोधलं ते घरच्यांपुढं मांडायचं आहे. आज सकाळी जेवणाच्या ताटावर मी अप्पांना सरळ विचारलं, "आत्याला बोलवू?" आईनं भाकरी थापायची थांबवली. अप्पांनी घास संपवला, पाणी प्यायले, हात धुवून आले.

बाहेर जाता जाता दारात थांबून म्हणाले, "रेल्वेनं ये म्हणावं. तिला बस लागते."

एवढंच म्हणाले, आत्या. मी एक शब्दही वाढवलेला नाही.

तुझी,
तू गेलीस तेव्हा चार वर्षांची होते, ती आता सतरा वर्षांची
गौतमी