त्र्याऐंशी सालचा खांब

भाईदासभाऊ,

तू वरणगावहून ड्युटी करून येशील तेव्हा मी घरी नसेन. चारच्या एस.टी.ने आबांकडे यावलला जातोय. भाकरी डब्यात आहेत. पेपरला नेलेलं तुझं घड्याळ फळीवर ठेवलंय.

बँकेचा पेपर बिघडला. खांबांच्या आलेखावर पाच प्रश्न होते, तू रोज सोडवून घ्यायचास तसेच. पण आलेख निघाला केळीच्या उत्पादनाचा. पहिलाच प्रश्न, सर्वात जास्त उत्पादन कोणत्या साली? सर्वात उंच खांब त्र्याऐंशीचा होता. त्याच साली वादळात आपली बाग आडवी झाली आणि आबा आठ दिवस बांधावरून घरी आले नव्हते.

तू म्हणायचास, नुसता खांब बघ, मनातलं घालू नको. मला कळत होतं भाऊ, पण त्या सालावर पेन्सिल टेकवेना. दहा मिनिटं तिथंच गेली आणि पुढची गणितं राहिली. आता वयात बसणार नाही, हे तुला माहीतच आहे.

आबांना मी सांगेन, पेपर फार अवघड होता. तूही तेच सांग. त्या सालाचं नाव काढू नको.

आधार