वळणावर भोंगा वाजवणारा शूरवीर

चि. ठमीस,

काकूचा आशीर्वाद. खेळाचं यंत्र परत पाठवा, कुरिअरचा माणूस घरी येईल, असा तुझा निरोप आला, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता, पण मी फोन उचलला की तुझे काका टीव्हीचा आवाज कमी करतात (एरवी सांगूनही करत नाहीत). तू वेळेवर जेवतेस असं धरून चालते. जेवत नसशील तर त्यासाठी वेगळं पत्र लिहीन. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. काका किती बरे आहेत, तेच सांगायचं आहे.

यंत्र तू ठेवून गेलीस ते त्यांच्या उजव्या हातासाठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात पाहुण्यासारखा मांडीवर बसून असायचा, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिलेला स्पंजचा चेंडू काकांनी सोफ्याच्या फटीत सारला होता. खेळताना बोटं हलतील, हा तुझा विचार चांगला होता. पण त्या कंट्रोलरवर चालायचं डाव्या अंगठ्याने आणि तलवार चालवायची उजव्याने, हे तू लक्षात घेतलं नाहीस. पहिल्याच दिवशी काका ऐटीत जंगलात शिरले, समोरून हिरव्या जेलीचा एक राक्षस उड्या मारत आला, आणि आपला शूरवीर त्याच्यापुढे नुसता उभा. मेला. काकांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला ते बघवेना. मी शेजारी बसले, कंट्रोलरची उजवी बाजू धरली आणि म्हटलं, "तुम्ही चाला, मारायचं मी बघते."

तेव्हापासून शूरवीर आमच्या दोघांत एक आहे. पाय त्यांचे, हात माझा. आता यात अडचण अशी, की सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेल्या माणसाच्या ताब्यात त्या खेळाने गाढवगाडी दिली आहे. काका ती कडेकडेने नेतात, पुलाअलीकडे सावकाश घेतात आणि प्रत्येक वळणावर भोंगा वाजवतात (भोंग्याचं बटण दुर्दैवाने डाव्या बाजूला आहे). भोंग्याने राक्षस जागे होतात, असं पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं आहे. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, वळणापलीकडे कोणी असलं तर त्याला कळायला नको का? कळतं. सगळ्यांनाच कळतं, आणि सगळे मिळून येतात.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. या खेळात श्रीमंत व्हायचं तर गावकऱ्यांच्या घरात शिरून त्यांची कपाटं उघडावी लागतात. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या बाईकडून ही अपेक्षा. मी एकाही कपाटाला हात लावू दिला नाही, त्यामुळे आम्ही अजून सुरुवातीच्या लाकडी तलवारीवरच आहोत. (एकदा मी चहा टाकायला गेले असताना काकांनी गाडी मागे घेताना एका म्हातारीचं मडकं फोडलं. मी त्यांना तिच्या दारात नेऊन उभं केलं. माफी मागायचं बटण सापडलं नाही, म्हणून नुसतेच उभे राहिलो.)

गेल्या रविवारी ड्रॅगनच्या गुहेत पोचलो. तो पाठ करून झोपला होता. गावाची चोरलेली घंटा त्याच्या उशाशी होती. ती उचलून चोरपावलांनी निघायचं. पण गुहेत वळण होतं. पुढचं तुला सांगायला नको. ड्रॅगन उठला आणि नेमकी दाराची बेल वाजली, इस्त्रीवाला. कपडे घेऊन मी परत आले तर दारातूनच दिसलं, लाकडी तलवार फिरत होती. काकांची नजर पडद्यावर, जीभ दातांत, आणि उजवा अंगठा बटणावर खाली-वर होत होता. सावकाश, पण होत होता. मी कपड्यांचा गठ्ठा तसाच पोटाशी धरून उभी राहिले. मग खाकरले. अंगठा थांबला, आणि ड्रॅगनने शूरवीराला जागच्या जागी भाजून काढलं.

"तू उठलीस की हे असं होतं," काका म्हणाले.

मी बसले आणि बटणावर अंगठा ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी विचारलं, हातात काही फरक? "छे," काका म्हणाले. हात बरा झाला असं कळलं, की मी उठून आपल्या कामाला लागेन, ही त्यांची भीती (अनाठायी नाही). बाईंना मी जिन्यात गाठून खरं ते सांगितलं. चालू द्या, म्हणाल्या. तेव्हा चालू आहे. माझ्या अंगठ्याखाली त्यांचा अंगठा हळूच सरकतो आणि दाबतो. मी पडद्याकडे बघत राहते, राक्षस तेवढे मरतात.

तब्येतीला जप.

तुझी काकू

ता. क. यंत्र मिळणार नाही. घंटा गावाला परत दिल्याखेरीज मी ते हलवू देणार नाही.

दुसरा ता. क. दोघांना वेगवेगळे हवेत म्हणून तू आणखी एक कंट्रोलर पाठवणार होतीस. पाठवू नकोस. आला तर उलट टपाली परत येईल.

तिसरा ता. क. काकांशी बोलशील तेव्हा हाताचं विचारू नकोस. ड्रॅगनचं विचार.

कुरिअरच्या माणसाकडे आज सुपूर्द केलं ते असं: यंत्राचा खोका, रिकामा (पत्राआधी पोचेल, घाबरू नकोस), माहितीपुस्तिका, शुद्धलेखन पेन्सिलीने सुधारलेलं, जादाची वायर, स्पंजचा चेंडू, न वापरलेला. पावतीवर सही तुझ्या काकांनी केली. उजव्या हाताने. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.