तारखेची अट

जळगाव,
१२ जून १९९७

प्रिय अभिमन,

'प्रिय' लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कशाने सुरुवात करून तुला मी कधी लिहिलेलंच नाही. सध्या जेवण जात नाही. केळं नुसतं दिसलं तरी मळमळतं. गेल्या महिन्यात सावदा स्टेशनच्या मालधक्क्यावर घडांचे ढीग काळे पडून गळत होते, वर माश्या घोंगावत होत्या, आणि आपल्या कंपनीचे रतिलालसाहेब नाकाला रुमाल लावून मला विचारत होते, "यात आपल्या सॉफ्टवेअरचं नाव येत नाही ना?" त्या वासापेक्षा मला त्या रुमालाची शिसारी जास्त आली.

तू नोकरी बदलून पुण्याला गेलास, नंतरचं तुला कितपत कळलं कोण जाणे, म्हणून नीट सांगते. केळी उत्पादक संघाचं काम कसं चालावं याचा आराखडा तू काढलास, चौकटी आणि रेघांच्या चित्रात. 'वॅगन' या चौकटीत तू स्पष्ट लिहिलं होतंस, की रेल्वेकडून तारीख पक्की झाल्याशिवाय केळी तोडायचा निरोप जाणार नाही. प्रोग्रॅम मात्र साहेबांनी नाशिकच्या कुणाकडून तरी स्वस्तात लिहून घेतला. त्यांनी आराखडा उघडूनही पाहिला नाही. नुसती मागणी नोंदवली की पडद्यावर 'वॅगन मिळाली' यायचं. मी साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "आराखडा गिऱ्हाइकाला दाखवायला असतो, पुष्पा." तुझं चित्र काचेत घालून संघाच्या भिंतीवर लावलं होतं आणि खाली मशीन भलतंच करत होतं.

धुळ्याला कॉलेजात असताना पांझरेच्या पुलावर आपण याच गोष्टीवरून भांडायचो. चित्र एका भाषेत, प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत, म्हणजे कधीतरी दोघांचं फाटणारच. तू म्हणायचास, दोन्हींची मिळून एकच भाषा हवी. 'वॅगन' म्हणून जे मांडलं तेच चित्र आणि तेच चालणारं काम. मी ती भाषा लिहायला घेतली आहे. अजून बोबडी आहे, फार काही येत नाही तिला. पण तिच्यात एखादी अट खोडली तर ती चित्रातून आणि कामातून एकदमच जाते. एकीकडे ठेवून दुसरीकडे पुसता येत नाही.

मे महिन्यात पडद्यावर 'मिळाली' आलं, संघात मशीनवर बसणाऱ्या सुगंधाबाईंनी गावोगाव निरोप धाडला, लोकांनी केळी तोडली. रेल्वेची तारीख आलीच नव्हती. सगळा माल उन्हात सडला. साहेबांनी संघाला सांगितलं, बाईंनी चुकीचं बटण दाबलं. संघाने बाईंना घरी बसवलं. मी भेटायला गेले तर उंबऱ्यातच बसल्या होत्या. "मले जे दिसलं तेच मी सांगतलं व माय," म्हणाल्या. "लोक माह्या दारात सडकी केयी टाकून जातात." दारात खरंच चिकचिकाट झाला होता.

काल संघाची बैठक झाली. साहेबांनी भिंतीवरचा आराखडा काढून दुसराच पुढे ठेवला. त्यात तारखेची अट नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम अगदी आराखड्याबरहुकूम, चूक बाईंची! मी उठले, सगळ्यांसमोर मशीनवर एक खोटी मागणी नोंदवली. 'मिळाली' आलं. अध्यक्ष पितांबर आबांनी पडद्यावरचं वाचलं आणि सांगितलं, "सुगंधाले बोलवा कामावर." मला साहेबांनी जिन्यातच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

तो दुसरा आराखडा तुझा होता, अभिमन. अक्षर तुझं, सही तुझी, तारीख मात्र जुनी. साहेबांचा एक फोन आला असेल आणि तू पुण्यात बसून ती एवढी ओळ वगळून सगळं पुन्हा काढलंस. कुणी तुझा हात धरला नव्हता. रेघासुद्धा किती सरळ मारल्या आहेस! रविवारी तुझे नाना आमच्याकडे आपल्या लग्नाची सुपारी फोडायला येणार आहेत. मी घरी सांगितलं आहे, ही सुपारी फुटणार नाही. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. नानांना कारण मी सांगणार नाही. ते तू सांग, आणि सगळं सांग.

कालपर्यंत तुझीच असलेली,
पुष्पा