कधी हलायचं झालं तर

नेरे,
रविवार, दुपार

प्रिय निरंजन,

पाकीट बघून दचकू नकोस. इथे सगळे बरे आहेत. फोनवर मी काही बोलायला लागले की तू गाडीच्या बॅटरीवर घसरतोस, मी चिडते, आणि तेवढ्यात तुझी मीटिंग निघते. म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तर आपली गाडी. जुनीने मान टाकली, म्हणजे अगदी टाकली नाही, चालते, पण क्लच इतका जड झालाय की महाळुंग्याच्या चौकातून मुंगीच्या पावलांनी सरकताना माझा डावा गुडघा ठणकायला लागतो. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे आणि घरी येऊन स्वतःच्या गुडघ्याला बर्फ बांधून बसायचं. ज्या आजींना मी जिना चढायला शिकवते, त्यांनी परवा मला जिन्यात लंगडताना पाहिलं आणि म्हणाल्या, डॉक्टर, आधी कठड्याला धरा. हसू आलं, आणि रडूही.

घरोघर जाऊन व्यायाम करून घ्यायचं माझं काम तुला माहीत आहे, पण बहुतेक विसरलायस. नाहीतर हायवेवर कुठली गाडी किती ॲव्हरेज देते याचे व्हिडिओ पाठवले नसतेस. मी हायवेवर कधी असते? एका टॉवरचं गेट, तिथल्या वॉचमनला नाव सांगा, अर्ध्या तासाने बाहेर या, पुढच्या टॉवरचं गेट. मध्ये हिंजवडीची ती रांग, पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर. दुपारी तेवढं गावाकडे, रिह्याला जाताना गाडी जरा पाय मोकळे करते. बाकी ती थांबते आणि सरकते, एवढंच.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलं होतं. हायब्रिड घे. रांगेत इंजिन आपोआप बंद होतं, गाडी बॅटरीवर सरकते, पेट्रोल कुठेही मिळतं, चार्जिंगचा घोर नाही. सगळं खरं आहे. मी चालवूनही पाहिली, गाडीत खोट काढायला जागा नाही. पण प्रत्येक वेळी शेवटी तू एक वाक्य जोडायचास, आणि कधी हलायचं झालं तर हायब्रिडच बरी. पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, कोणी हलायचं, कुठे? तर तुझा आवाज तुटायला लागला. बंगळूरला तू सहा महिन्यांसाठी म्हणून गेलास, निरंजन. दुसरी दिवाळी तोंडावर आली. येणार आहेस, की मी सगळं आवरून तिकडे यावं असं मनात आहे, याबद्दल ताकास तूर लागू देत नाहीस.

इलेक्ट्रिकही चालवून पाहिली. शोरूमच्या मुलाला शेजारी बसवून थेट रिह्याला कोंडाजीबाबांकडे गेले. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात आता खांद्यापर्यंत येतो. मी कधीही जाऊन पोचले तरी बाबा आपले दोरी ओढत व्यायामाला बसलेले. मला केवढं कौतुक. त्या दिवशी गाडीचा आवाजच झाला नाही, तर बाबा ओसरीवर आडवे, डाव्या हाताने तंबाखू मळतायत. माझ्या जुन्या गाडीची घरघर वळणावर ऐकली की ते दोरी धरायचे. उलट मलाच म्हणाले, "आसली मुकी गाडी घिऊ नगंस पोरी, मानूस सावध हुत न्हाई." मी तिथेच ठरवलं, हीच घ्यायची. क्लच नाही, गिअर नाही, पाय उचलला की गाडी आपली आपण मंदावते. येताना अख्खी रांग पार केली आणि गुडघा चकार शब्द बोलला नाही.

पण ती घ्यायची तर तिला रोज रात्री एका ठरलेल्या जागी बांधायला हवं. दुभत्या जनावरासारखंच आहे ते. टॉवरमधली चार्जिंगची सोय तिथल्या रहिवाशांना, आपल्याला कोण उभं करतं? आपल्या पोर्चमध्ये पॉइंट हवा, वेगळी वायर हवी, म्हणजे भिंतीला भोक हवं. आणि भाड्याच्या घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही हा तर तुझा नियम. रत्नाबाईंचाही आहे म्हणा, घरमालकीणच त्या, सगळ्याच भाडेकरूंना सांगतात. पण त्यांच्यापेक्षा तू तो जास्त पाळलास. अकरा महिन्यांचा करार संपला की नवा करार, आणि आपल्या लग्नाचा फोटो अजून कपाटावर भिंतीला टेकवून उभा. दर वेळी झाडताना तो आडवा पडतो आणि मी उभा करते.

तरी गेले खाली विचारायला. रत्नाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तार वढ, माजं काय म्हननं न्हाई. पर भोक पाडलं तर ऱ्हायाचं. आज भिताड फोडायचं आन उद्या बंगळूरला जायाचं, आसलं न्हाई चालनार. मालक येनार हाय का न्हाई, त्ये आदी सांग." स्वतःच्या नवऱ्याबद्दल घरमालकिणीला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं, आणि या गोष्टीचा मला जेवढा राग आला तेवढा त्या क्लचचा कधी आला नाही.

म्हणून त्यांनी तुला फोन केला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून केला. फोन ठेवून वर आल्या, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडीचं इचारलं तर लई बोलतोय. कवा येनार म्हनलं तर आवाजच येईना त्याला." मग त्यांनी स्वतःच चहा टाकला. मी रडत होते, त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

हायब्रिड वाईट नाही रे. गाडी थोडी इकडे थोडी तिकडे असली तर बिघडत नाही, इंजिनिअरांनी ती तशीच बनवलेली असते. माणसाचं तळ्यात-मळ्यात मात्र सोबतच्याचा जीव खातं. मी रोज लोकांना सांगते, दुखतंय म्हणून पाऊल उचलून धरू नका, टेकवा, भार द्या, त्याशिवाय चालता येणार नाही. आणि मीच इतके दिवस एक पाऊल वर धरून उभी आहे. कोंडाजीबाबांचा हात खांद्यापर्यंत आलाय, तो डोक्याच्या वर जाईल. ते बघायचं सोडून मी कुठेही यायची नाही.

पत्र लिहिण्याचं कारण आता सांगते. काल मी रत्नाबाईंना उत्तर दिलं. मालकाचं मला माहीत नाही, मी राहणार आहे. आज सकाळी वायरमन आला. पोर्चच्या भिंतीला भोक पडलं, अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला, आणि रत्नाबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. ड्रिल हातात होतंच, म्हणून मी वायरमनला वर नेलं आणि लग्नाचा फोटो भिंतीवर लावून घेतला. त्यात आपण दोघंही आहोत, अजून तरी. दसऱ्याला गाडी येईल. जुनी बाहेरच उभी असायची, हिला पोर्च लागणार आणि तिथे जागा एकीचीच, म्हणून तुझी मोटारसायकल मागच्या रिकाम्या गोठ्यात हलवली, कव्हर घातलं, किल्ली रत्नाबाईंकडे दिली. तू गेल्यापासून दर रविवारी मी ती किक मारून जरा वेळ चालू ठेवत होते, बॅटरी उतरू नये म्हणून. आज मारली नाही. यापुढेही मारणार नाही. ती तुझी आहे, निरंजन. येऊन चालू कर, नाहीतर येऊन घेऊन जा.

तुझीच, पण आता नेऱ्याची,
गौतमी