दुसऱ्यांच्या पितरांचं जेवण

३ सप्टेंबर ७९, वाडी
आज गोडाऊनच्या काट्यावर मीच उभा राहिलो. ९४ किलो. दोन वर्षं लोकांच्या गोण्या तोलून राहिलो, स्वतःले कधी तोललं नव्हतं. हमाल म्हणे, "हमाली डबल लागन गा तुह्यावर."
कारण असं. गफूर उस्तादची नवी गाडी दसऱ्याले कलकत्त्याले निघते. क्लीनर पाहिजे. मी म्हटलं, मले घ्या. उस्ताद म्हणे, "भरल्या गाडीवर चढ, ताडपत्री बांधून दाखव. जागा तेरी. आगे स्टेरिंग बी शिकवीन."
ट्रकच्या मागच्या फाळक्यावर पाय ठेवला, रस्सा धरला. अर्ध्यातून खाली. धाप अशी की बोलता येईना. सगळे हसले, उस्ताद हसला नाही. तेच जास्त लागलं. म्हणे, "बाईस तारखेले आखरी बार देखूंगा. पहले पेट कम कर."

४ सप्टें.
नेम केला. चहा एक. सकाळचे पोहे बंद. फुटल्या गोणीतलं काही तोंडात टाकायचं नाही. गोणी फुटली की सांडलेला माल काटेवाल्याचा न् हमालाचा, हा इथला रिवाज. शेंगदाणे, फुटाणे, गूळ. दिवसभर हात चालूच. भूक नसते. गाड्या निघून जातात, मी तिथंच बसलेला, मग हात गोणीत जाते.
पाच वाजेपर्यंत पाळलं. मग समोरच्या टपरीवर आलूबोंडे निघाले. चार.

९ सप्टें.
पितरपाट लागला. घरमालकीण राधाकाकू खोलीवर आली. "उद्या ह्यांची तिथ आहे. पितर म्हणून तूच बस बाप्पा. आपल्या जातीचा आहे, अन् तुह्यासारखा जेवणारा गल्लीत दुसरा नाही. हे बी असेच जेवत."
म्हटलं, "काकू, मी जेवण कमी करून राहिलो."
"तू कर गा कमी. पण त्याईनं काहून कमी खावं?"
हो म्हटलं.

१० सप्टें.
काकूनं पाय धुतले, गंध लावलं, पाटावर बसवलं. वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. हात आडवा केला की तिचं तोंड उतरे. "आवडले नाही का वडे?" हे मले नव्हती विचारत. अकरा वडे झाले. मी ढेकर दिला तशी ती पदर डोळ्याले लावून आत गेली.
खोलीवर येऊन उताणा पडलो. पोट दगड. लाज वाटते न् बरंही वाटते. कोणी एवढ्या आग्रहानं वाढलं नव्हतं कधी.

१३ सप्टें.
नाव झालं गल्लीत. गोडाऊनचा मुनीमजी सगळ्याईले सांगते, "याले बसवा. पितर तृप्त झाल्याबिगर उठत नाही." काल शिंप्याकडे त्याचा बाप झालो. आज मुनीमजीकडे त्याचा आजा.
खरं लिहितो. शिंप्याच्या घरी त्याचा भाचा होता बसायले. मी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. वड्याचा वास आला न् पाय तिकडंच वळले. मेलेल्याचं नाव, पोट माझं.

१५ सप्टें.
काट्यावर ८८!! दोनदा पाहिलं. ८८. एवढं खाऊन उतरलं कसं? हमालांबरोबर गोण्या उचलून राहिलो आठ दिवस, त्याचंच फळ. उस्तादले सांगितलं. पाठीवर थाप. "शाबाश मोटे."
खुशीत तर्री-पोहे दोन प्लेट, वर जिलेबी.

१६ सप्टें.
सकाळी मुनीमजी ओरडला, "काल पिंपाचा धडा कोणं काढला नाही रे?" मीच. तेलाचं पिंप तोलायच्या आधी रिकाम्या पिंपाचा भार वजा करून ठेवला होता, तो तसाच राहिला. दिवसभर काटा सात किलो कमी दाखवत होता.
म्हणजे ९५. वाढलंच.
कोणाच्या गोणीत अर्धा किलो इकडचा तिकडे होऊ देत नाही मी. दुपारी गुळाची गोणी फुटली. नेम गेला चुलीत.

१८ सप्टें.
दादाचं कार्ड आलं गावाहून, कुहीहून. बाबांची तिथ झाली. शेजारचा म्हातारा बसला, दोन घास खाऊन उठला, मायले वाईट वाटलं. पण बाबा तसेच जेवत. आम्हाले वाढून उरलं तर. हाडं न् हाडं दिसत.
मी इथं तीन घरच्या पितरांचं खाल्लं. बाबाच्या पानावर मी नव्हतो.
आज काही खाल्लं नाही. लिहिता लिहिता फुटाण्याचा पुडा संपला, आत्ता ध्यानात आलं.

२१ सप्टें. सर्वपित्री
उद्या चढायचं. आज दोन घरी नाही म्हटलं. शिंपी म्हणे, "का गा, आता भाव खाते का?" बोलणी खाल्ली. पोटात कालपासून चहाच.
दुपारी मागच्या घरची जनाबुढी आली. एकुलता पोरगा गेला तिचा, मागल्या साली. झाकलेलं ताट घेऊन दारात उभी. "माह्याकडे कोणी आलं नाही रे बाप्पा बसायले."
म्हटलं, "आजी, उद्या माझं काम आहे मोठं. आज नाही खाता येत."
ताट माझ्या हातात दिलं. मग म्हणे, "बरं. पण तू तरुण आहे, छपराच्या टिनावर चढून कावळ्याले तरी ठेवशील? मले चढता येत नाही." न् गेली.
चढलो. शिडीवरून, पण चढलो. ताट टिनावर ठेवलं, बाजूले वही घेऊन बसलो. एक कावळा समोरच्या भिंतीवर होता. पाहिलं न् उडून गेला. आज घरोघरी पान आहे, त्याईचंही पोट भरलेलं.
ऊन उतरून राहिलं. बुढी खालून विचारते, "शिवला का रे?"
म्हटलं, "येते आजी, येते."
सहा वडे होते. कावळा अजून आला नाही. चार आहेत.