पोट भरल्याचा निरोप

२ जून
कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं आणि नाक मुरडलं. महिनाअखेर परत तपासणी. वजन उतरलं नाही तर टॉवर क्रेनची केबिन बंद. खाली उभं राहून झेंडे दाखवायचे. मी! ज्याने इतकी वर्षं वरून अख्खी साइट हलवली! आणि केबिन मिळणार मेव्हण्याला. त्याला क्रेन शिकवली कोणी? मीच.

बाई म्हणाल्या, भुकेमागे हार्मोन्स असतात. (पुढेही बरंच बोलल्या, पण मुद्दा एवढाच.) पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं हार्मोन मेंदूकडे जाऊन कागाळ्या करतं. म्हणजे माझा काय दोष? पोटातच फितुरी.

संकल्प: उद्यापासून अर्धं जेवण. बायको म्हणाली, अहो, तुम्ही एकट्यानेच का, मीपण अर्धंच जेवेन. भोळी आहे बिचारी.

५ जून
घरी अर्धंच जेवतो. शब्द म्हणजे शब्द.

आज एक शोध लागला. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीस मिनिटं लागतात, असं बाईंनीच सांगितलं होतं. म्हणजे त्याआधी जे खाल्लं ते मेंदूला माहीतच नाही. आणि मेंदूला माहीत नाही ते अंगी लागणार कसं? साइटच्या कँटीनमध्ये प्रयोग केला. ऑम्लेट, अख्खा ब्रेड, केक. सगळं झटपट. मेंदू गाफील!

९ जून
वजन वाढलं. काटा बिघडलाय. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणतो, दाजी, काटा बरोबर आहे, आत्ताच मी उभा राहून बघितलं. का उभा राहिला? केबिनवर डोळा, दुसरं काय!

१४ जून
बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, चरबीतून लेप्टिन निघतं, ते मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतं. मग सोपंच आहे की! चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, लेप्टिन जास्त तर भूक कमी. भूक मारायची तर आधी थोडं वाढलंच पाहिजे. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तुमच्यात लेप्टिन भरपूर आहे, मेंदूने त्याचं ऐकणं सोडलंय.

घ्या! मेंदूसुद्धा उलटला. माणसाने भरवसा ठेवावा कोणावर?

२१ जून
नवा शत्रू सापडला. व्हेगस नावाची नस. मेंदूतून निघते ती थेट पोटात. केकचा नुसता वास आला की ही खाली वर्दी देते आणि जठरात रस सुटतो. माझ्या मनातही नव्हतं! पण रस सुटल्यावर उपाशी राहायचं म्हणजे जठराची आतून भाजणी. नाइलाज झाला. दोन खाल्ले.

रात्री बायको म्हणाली, भूक फार लागते हो, पण तुमच्याकडे बघून धीर येतो. मला भरून आलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

२६ जून
तपासणी जवळ आली. काळजीने घ्रेलिन चवताळलंय. काळजी कमी व्हावी म्हणून कँटीनला दोनदा गेलो. बाकी तयारी उत्तम. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. बटणं लागत नाहीत. लॉन्ड्रीवाल्याने आटवला.

३० जून
वजन साडेचार किलोनी जास्त. केबिन गेली. मेव्हणा मान खाली घालून म्हणाला, दाजी, मी मागितली नव्हती. नाटकी.

पण खरा घात पुढेच झाला. बायको सोबत आली होती. बाईंनी तिला उगाचच काट्यावर चढवलं. सात किलो उतरलेली! बाईंनी विचारलं, आजारी होतात का? ती म्हणाली, नाही हो, यांना सोबत म्हणून अर्धंच जेवत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग तिने बघितलं.

वाटेत तिने एवढंच विचारलं, रोज?

मी घ्रेलिनपासून सुरुवात केली. व्हेगसपर्यंत आलो, तोवर घर आलं. तिने कुलूप काढलं, हात धुतले, पोटभर वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवायला लागली. मीही हात धुऊन समोर बसलो. शेवटी विचारलं, माझं ताट?

ती म्हणाली, तुमचं झालंय.